मदत हवी आहे: जर्सीवर नाव घालू की नको? टीम पोरांना ठेवणार की विकणार?

कुंदा_व्हर्जिनिया
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, शुक्रवारपर्यंत ऑर्डर टाकली नाही तर लेकाच्या वाढदिवसाला जर्सी पोहोचणार नाही.

प्रश्न सरळ आहे. आमच्या बेसबॉल टीमकडे दोन-तीन चांगले तरुण खेळाडू आहेत. मागे असाच एक विकला तेव्हा लेक सात वर्षांचा होता. त्याच्या नावाचा शर्ट त्याने आठवडाभर अंगावरून उतरवला नाही, मग स्वतःच कपाटाच्या तळाशी कोंबला. तो अजून तिथेच आहे. आता पहिल्यांदाच पुन्हा कुणाच्या तरी नावाची जर्सी मागतोय आणि रोज विचारतोय, "आई, ह्याला तरी ठेवतील ना?"

ठेवतील का? लांबचा करार करतील की पुन्हा विकतील? जर्सी दीडशे डॉलरच्या वर आहे, पण प्रश्न पैशांचा नाही. नवरा म्हणतो बिननावाची घे. मला ते पटत नाही. बेसबॉल कळणाऱ्यांनीच सांगा, प्लीज.

गुगली_७७
ताई, टीम कुठली? मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, तीस टीम आहेत आणि व्हर्जिनियात त्यातली एकही नाही.

सदाफुली
या वयात मुलं भराभर वाढतात, एक साईझ मोठीच घ्या. धुताना उलटी करून थंड पाण्यात, आणि ड्रायरमध्ये अजिबात नको. माझ्या मुलाच्या जर्सीची अक्षरं दोन महिन्यांत सोलपटली होती.

कुंदा_व्हर्जिनिया
टीम कुठली म्हणजे? वॉशिंग्टन नॅशनल्स! लेकाच्या लाडक्या हुआन सोटोला विकलं तीच. साईझ मला माहीत आहे हो, त्याचं नको.

नाना_बाल्टिमोर
मग उत्तर सोपं आहे, विकतील. या टीमची वहीच काढून बघा. ब्राइस हार्परला २०१८ नंतर जाऊ दिलं, तो १३ वर्षांच्या ३३ कोटी डॉलरवर फिलाडेल्फियाला गेला. २०१९ ला वर्ल्ड सीरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली आणि त्याच हिवाळ्यात अँथनी रेंडन एंजल्सकडे. २०२१ च्या जुलैमध्ये शेर्झर आणि ट्रे टर्नर एकाच दिवशी डॉजर्सला. २०२२ मध्ये सोटो. शेवटपर्यंत टिकलेला घरचा मोठा माणूस म्हणजे रायन झिमरमन, २००५ पासून २०२१ पर्यंत. एवढाच.

मी बाल्टिमोरमध्ये वीस वर्षं आहे, हे दुखणं मला माहीत आहे. आमच्या ओरिओल्सनी २०१८ मध्ये मॅनी मचाडोला डॉजर्सना देऊन पाच पोरं आणली. त्यातला एक क्रेमर बरा पिचर (बॉल टाकणारा) निघाला. मचाडोच्या तोडीचा एकही नाही. पोरं विकून पोरं आणायची, ती मोठी झाली की पुन्हा विकायची, मग लहान मुलांनी जीव लावायचा कुणावर? घरात वाढलेल्यांना वेळेत करार देऊन ठेवायचं, दुसरा मार्ग नाही.

देशमुख_डीसी
नाना, सोटोची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. त्याला १५ वर्षांचे ४४ कोटी डॉलर देऊ केले होते, त्यानेच नाही म्हटलं. आणि त्याचं नाही म्हणणं त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं, कारण २०२४ च्या डिसेंबरात मेट्सनी तेवढ्याच १५ वर्षांचे ७६.५ कोटी दिले. त्याच्यावर टीमचा हक्क २०२४ च्या अखेरीपर्यंतच होता. तोवर गप्प बसले असते तर तो गेल्यावर हातात एक ड्राफ्ट पिक (नवा पोरगा निवडायची एक संधी) उरला असता. त्याऐवजी सॅन दिएगोकडून जेम्स वुड, सीजे एब्रम्स, मॅकेंझी गोर, हॅसल, सुसाना आणि व्हॉइट मिळाले. वुड आणि गोर २०२५ मध्ये ऑल-स्टार (लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड) झाले, एब्रम्स २०२४ मध्ये. सौदा झाला त्या २ ऑगस्टला मीही फार चिडलो होतो. आज म्हणतो, सौदा बरोबर होता.

आणि ठेवलं म्हणजे भलंच होतं असंही नाही. स्ट्रासबर्गला २०१९ च्या डिसेंबरात ७ वर्षांचे २४.५ कोटी दिले. त्यानंतर तो फक्त ८ सामन्यांत बॉल टाकू शकला. तुमच्याच ओरिओल्सनी ख्रिस डेव्हिसला ७ वर्षांचे १६.१ कोटी दिले, आणि २०१८ च्या शेवटापासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत त्याला सलग ५४ अॅट-बॅटमध्ये एक हिट (बेसवर पोहोचवणारा फटका) मिळाला नाही.

नाना_बाल्टिमोर
डेव्हिस करार केला तेव्हा तिशीला टेकला होता, स्ट्रासबर्ग एकतीस वर्षांचा. धागा तरुण खेळाडूंवर आहे. तेविशीतल्या पोराचा करार आणि उतरणीला लागलेल्या माणसाचा करार एका तराजूत घालू नका.

आणि तुमचा तो बरोबर सौदा मैदानावर कुठे दिसला? २०२० पासून २०२५ पर्यंत प्रत्येक हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त. २०२५ मध्ये ६६ विजय, ९६ पराभव.

ठाण्याचा_वाघ
बेसबॉल फार कळत नाही, पण आयपीएलसारखी रिटेन्शन लिस्ट असेल ना? ती आली की कळेलच. आमच्या हार्दिकला मुंबईने सोडलं आणि २०२३ मध्ये गुजरातकडून ट्रेडने परत आणलं. मनाला लावून घेऊ नका, सोटो पण परत येईल.

देशमुख_डीसी
वाघा, इथे लिलाव नसतो. मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू सहा हंगाम टीमच्या हक्काचा असतो. पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन आर्बिट्रेशन, म्हणजे पगारावर एकमत झालं नाही तर लवाद आकडा ठरवतो. मग तो फ्री एजंट, कुठेही जाऊ शकतो. टीमची कसोटी या सहा वर्षांच्या आतच असते. लवकर करार केला तर स्वस्त पडतो, पण पोरगं पुढे खेळेल याची खात्री नसते. उशीर केला तर खात्री असते आणि किंमत आभाळाला भिडते. सोटो परत येणार नाही, त्याचा करार २०३९ पर्यंत आहे.

माँट्रियालची_मावशी
हे सगळं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. ही टीम २००५ मध्ये वॉशिंग्टनला गेली, त्याआधी आमची होती. एक्स्पोज. १९९४ मध्ये ७४ विजय आणि ४० पराभव, अख्ख्या लीगमध्ये त्या वर्षी सर्वांत पुढे, आणि ऑगस्टमध्ये संप होऊन उरलेला हंगामच रद्द झाला. पुढच्या वसंतात खर्च झेपत नाही म्हणून वॉकर, ग्रिसम, हिल, वेटलँड सगळे काही दिवसांत गेले. १९९७ मध्ये पेद्रो मार्टिनेझ साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकला आणि लगेच बोस्टनला. मी तेव्हा नवी नवरी होते, फ्रेंच येत नव्हतं. शेजारचे आजोबा स्कोअरकार्ड भरायला शिकवायचे, तेवढीच माझी बाहेरच्या माणसाशी ओळख. पेद्रो गेल्यावर त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. पुढे सामना लावला तरी कार्ड भरलं नाही कधी.

कुंदा, तुझ्या लेकाचं दुखणं लहान समजू नकोस गं.

कुंदा_व्हर्जिनिया
मावशी, वाचून गलबलून आलं. थँक्यू.

पण बाकीच्यांनो, टीमने काय करावं हे सांगताय तुम्ही. मी विचारतेय टीम काय करेल! बुधवार उजाडला.

क्रिकेटकाका
मुलाला क्रिकेटकडे वळवा ना. वॉशिंग्टन फ्रीडम तुमच्याच गावची टीम आहे, २०२४ ला मेजर लीग क्रिकेट जिंकली. आपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर तिच्याकडून खेळलाय. त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये त्याने रोहित आणि विराट दोघांना बाद केलं होतं, नोकरी सांभाळून. त्याच्या नावाची जर्सी घेतलीत तर मराठीही घरात राहील.

कुंदा_व्हर्जिनिया
काका, त्यांचा अभिमान आम्हालाही आहे. पण वाढदिवस लेकाचा आहे, जर्सी त्याला हवी ती.

गुगली_७७
ताई, वरपासून पुन्हा वाचलं. खेळाडू कोण ते तुम्ही अजून लिहिलेलंच नाही. सगळे वुड धरून चाललेत बहुतेक. वुडच ना?

देशमुख_डीसी
वुडच असणार. ६ फूट ७ इंच, मेरीलँडमध्येच वाढलेला, २०२५ मध्ये ३१ होमरन (आपल्या षटकारासारखे). त्याच्यावर टीमचा हक्क २०३० पर्यंत आहे. डोळे मिटून नाव घाला.

कुंदा_व्हर्जिनिया
वुड नाही हो, एब्रम्स! लेक स्वतः शॉर्टस्टॉप खेळतो ना. लिहिलं नव्हतं का मी?

देशमुख_डीसी
मग माझं उत्तर बदललं. एब्रम्सवर हक्क २०२८ पर्यंतच. ही टीम लवकर जिंकायला लागेल असं दिसत नाही, आणि अशा वेळी दोन-तीन वर्षं हक्क शिल्लक असलेल्या खेळाडूलाच बाजारात सर्वांत जास्त भाव येतो. सोटोला नेमकं तेव्हाच विकलं. शिवाय २०२५ च्या जुलैमध्ये मॅनेजर (म्हणजे मैदानावरचा कोच) डेव्ही मार्टिनेझ आणि खेळाडूंचे सौदे करणारा मुख्य व्यवस्थापक माइक रिझो दोघांनाही काढलं. आता रिझोच्या जागी पॉल टोबोनी आलाय, पस्तिशीचा, बोस्टनहून. जुनी पोरं त्याने आणलेली नाहीत, त्याला त्यांचा मोह असायचं कारण नाही. एब्रम्सची बॅट चांगली, पळतो छान, पण शॉर्टस्टॉपला त्याच्या चुका बऱ्याच होतात. मी टोबोनीच्या जागी असतो तर त्याच्यासाठी येणारे फोन उचलले असते.

नाना_बाल्टिमोर
आणि मी आजच करार केला असता. पंचविशीचा आहे, सोटोच्या बदल्यात आलेला आहे. त्यालाही विकलं तर लोक विचारतील, सोटो देऊन शेवटी काय मिळालं? अटलांटाकडे बघा. २०१९ मध्ये अकुन्याला ८ वर्षांचे १० कोटी देऊन बांधला, मग ऑस्टिन रायली, मग मायकल हॅरिस. मधल्या काळात २०२१ ला वर्ल्ड सीरीजही जिंकले. आमच्या ओरिओल्सनीही आता बसायोला पदार्पणाच्याच आठवड्यात ८ वर्षांचे ६.७ कोटी दिले. सुधारतात माणसं.

देशमुख_डीसी
नॅशनल्सनी तेही करून पाहिलंय, नाना. टर्नरच्या सौद्यातून आलेल्या कायबर्ट रुईझला २०२३ मध्ये ८ वर्षांचे ५ कोटी दिले. नंतर त्याची बॅट थंडावली, आणि २०२५ मध्ये डोक्याला मार बसून बराच काळ बाहेर. आणि करार झाला म्हणजे माणूस राहिला असंही नाही. बोस्टनने २०२३ च्या जानेवारीत डेव्हर्सशी दहा वर्षांचा करार केला आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोला पाठवून दिलं.

गुगली_७७
डेव्हर्सचं भांडण जागेवरून होतं, थर्ड बेस काढून घेतला म्हणून. ते वेगळं प्रकरण.

देशमुख_डीसी
वेगळं नाही. एब्रम्सलाही उद्या सेकंड बेसला जा म्हणाले तर?

कुंदा_व्हर्जिनिया
भांडू नका, मला कळलं. उद्या विकतील किंवा २०२८ पर्यंत राहील, आणि त्यापुढचं कुणीच सांगू शकत नाही. बरोबर ना?

नाना_बाल्टिमोर
बरोबर. आणि देशमुख कबूल करणार नाहीत, पण एब्रम्स गेला तर त्यांनाही वाईट वाटेल.

देशमुख_डीसी
वाटेलच. मी त्याचा पहिला सामना स्टेडियममध्ये बसून पाहिलाय.

कुंदा_व्हर्जिनिया
शुक्रवार सकाळ, अपडेट देते.

काल रात्री लेकाला समोर बसवून तुम्ही लिहिलेलं सगळं सांगितलं. सहा वर्षांचा हक्क, आर्बिट्रेशन, रुईझ, डेव्हर्स, सगळं. बिननावाची घेऊ या का, असंही विचारलं. त्याने बोटांवर मोजलं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं आहेत. मग तर ती जर्सी मला लहानच होईल."

मग उठून कपाटातून सोटोचा शर्ट काढून आणला, अंगाला लावून बघितला. बेंबीपर्यंत येत होता. घडी करून परत ठेवला, पण या वेळी वरच्या कप्प्यात.

नाव घालून ऑर्डर टाकली आहे. सदाफुली, एक साईझ मोठी घेतली.

सदाफुली
उत्तम! ड्रायर मात्र नको.

ठाण्याचा_वाघ
ताई, शॉर्टस्टॉप म्हणजे नेमकं कुठे उभं राहायचं असतं? आमच्या सोसायटीतली पोरं विचारतायत.

माँट्रियालची_मावशी
सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये. थांब, स्कोअरकार्ड कसं भरायचं तेही सांगते, वेगळा धागा काढते. शॉर्टस्टॉपचा आकडा ६ असतो.