मदत हवी आहे: मच्छीमार वस्तीतलं जुनं घर घ्यावं की पाडून नवीन बांधावं?

नमस्कार मंडळी, समुद्राकाठच्या छोट्या मच्छीमार वस्तीत घर बघतोय, कायमचं राहायला. जुनं आरसीसी आहे, पाण्यापासून चालत दोन मिनिटं. मालकाने नुकतंच प्लास्टर आणि रंग मारून चकाचक केलंय आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटतेय, कारण स्लॅबखाली एका कोपऱ्यात टकटक केलं तर पोकळ आवाज आला आणि बीमला बरोबर सळीच्या रेषेत भेग आहे. एका मित्राने सांगितलं की खाऱ्या हवेतलं क्लोराइड (मिठातला घटक) आत पोचलं की सळी गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटतं. मग हे रिपेअर होतं का?

शिवाय विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. आणि प्लॉटच्या कडेने होड्यांकडे जायची पायवाट आहे, कागदावर नाही. मालक म्हणतो कंपाउंड घाला बिनधास्त. पण मी पहाटे उभं राहून बघितलं, जाळी खांद्यावर घेतलेली पंधरा-एक माणसं तिथूनच गेली!

प्रतिसाद १: आधी क्लोराइड टेस्ट करा. काँक्रीटमध्ये कमी-जास्त खोल ड्रिल मारून निघालेली पावडर तपासतात. सळीपर्यंत सगळीकडे मीठ पोचलं असेल तर ठिगळं लावून उपयोग नाही, ठिगळाच्या शेजारची सळी गंजायला लागते. नवीन बांधलंत तर सळीवर निदान ५० मिमी कव्हर (सळीबाहेरचा काँक्रीटचा थर) ठेवा, धुतलेली नसेल तर समुद्राची वाळू नको आणि ते विहिरीचं पाणी काँक्रीटला तर नकोच, क्युरिंगलाही (काँक्रीट ओलं ठेवायला) नको. बिजागऱ्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलच्या ३१६ ग्रेडचे घ्या, ३०४ ग्रेडवर डाग पडतात. विहिरीतून जास्त उपसा केलात तर पाणी अजून खारं होईल, गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं.

प्रतिसाद २: वाटेला हात लावू नका राव. वर्षानुवर्षांची वहिवाट असेल तर कोर्टातही अंगाशी येऊ शकतं, आणि उद्या पाणी घरात शिरलं तर धावून येणारी हीच माणसं आहेत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे जाऊन पाणी कुठवर येतं ते डोळ्याने बघा, मग जोत्याची उंची ठरवा.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांना. मालकाला टेस्टचं विचारलं. म्हणाला ड्रिल नको, नवीन रंग खराब होईल 😀 पौर्णिमेला जातोय, पण आता बहुतेक फक्त जागेचा भाव बोलणार.