अ‍ॅसिटेट दिल्यावर भूजलातले युरेनियम उतरते, मग पुन्हा का चढते?

भूजलवही:
कोलोरॅडोतल्या रायफल इथे जुन्या युरेनियम गिरणीच्या जागेवर 2002 मध्ये भूजलात अ‍ॅसिटेट सोडले होते (जिवाणूंचे अन्न म्हणून), 1 ते 3 मिलिमोलर. 9 दिवसांतच युरेनियम उतरू लागले आणि काही विहिरींत ते 0.18 मायक्रोमोलरच्या ठरलेल्या मर्यादेखाली गेले. साधारण 50 दिवसांनंतर मात्र अ‍ॅसिटेट चालू असूनही पुन्हा चढले. युरेनियम उतरवणारे जिओबॅक्टर नावाचे जिवाणू मेले की उपाशी राहिले? हेच बाटल्यांत पाहायचे आहे. 120 मिलीच्या सीरम बाटलीत 20 ग्रॅम गाळ आणि 60 मिली तिथलेच पाणी. एक संच अ‍ॅसिटेटचा, एक बिनअ‍ॅसिटेटचा. फक्त विरघळलेले युरेनियम मोजले तर चालेल ना?

गाळमाती:
उपाशी राहिले. हिशेब बघा. अ‍ॅसिटेटचा एक रेणू 8 इलेक्ट्रॉन देतो. 6 संयुजेचे युरेनियम पाण्यात विरघळते, 4 चे गाळात बसते; 6 वरून 4 वर यायला त्याला 2 लागतात. पण पाण्यात युरेनियम मायक्रोमोलांत, त्यावर कुणाचे पोट भरणार? जिओबॅक्टर वाढतो गाळातल्या लोहावर (त्याला इलेक्ट्रॉन देऊन फेरिकचे फेरस करतो) आणि युरेनियम जाता जाता उरकतो. ('युरेनियम खाणारे जिवाणू' असे मथळे येतात ते सोडून द्या.)

सहज हाती लागणारे लोह संपत आले की सल्फेटवाले जिवाणू माजतात. सल्फेटचे सल्फाइड व्हायलाही 8 इलेक्ट्रॉन, म्हणजे अ‍ॅसिटेटशी एकास एक. रायफलच्या पाण्यात सल्फेट मिलिमोलांत आहे, त्यामुळे 3 मिलिमोलर अ‍ॅसिटेट सोडल्या जागीच फस्त होते, पुढच्या विहिरीपर्यंत काही पोचत नाही. तिथे अ‍ॅसिटेटवर वाढणारे सल्फेटवाले युरेनियमला फारसे शिवत नाहीत, आणि वरच्या अंगाने युरेनियमचे नवे पाणी येतच असते. बंद बाटलीत हा शेवटचा भाग दिसणार नाही. त्यासाठी गाळाचा स्तंभ भरून त्यातून पाणी वाहते ठेवावे लागेल.

बाटलीबंद:
दोन संचांवर भागणार नाही, निर्जंतुक संच हवाच. 121 अंशांवर एकेक तास, ओळीने तीन दिवस. एकदाच केले तर बीजाणू उरतात.

अ‍ॅसिटेट 5 मिलिमोलर हवे तर 60 मिलीला 1 मोलर सोडियम अ‍ॅसिटेटचे 0.3 मिली. बूच जाड ब्यूटिल रबराचे, साध्या रबरातून ऑक्सिजन झिरपतो. नुसता नायट्रोजन फुंकू नका. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो आणि कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) बसतो. नायट्रोजनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळून मूळचा सामू राखा. वरून बायकार्बोनेट किंवा कॅल्शियम घालण्याचा मोह टाळा: कॅल्शियम, युरेनिल (6 संयुजेच्या युरेनियमचा विरघळलेला आयन) आणि कार्बोनेट यांचे त्रिकूट जमले की क्षपण, म्हणजे 6 चे 4 होणे, मंदावते.

नमुना नायट्रोजनने धुतलेल्या सिरिंजने, 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतून, लगेच नायट्रिक आम्लात. सोबत फेरस लोह मोजा: थोडा गढूळ नमुना 0.5 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर, मग फेरोझीन (फेरसशी रंग देणारे रसायन), 562 नॅनोमीटरला रंग मोजा. लोहाचा आलेख चढायच्या आधीच युरेनियम उतरले, तर जिवाणूंवर संशय घेण्याआधी चिकणमातीवर घ्या.

युरेनियम वरून मिसळणार असाल तर संस्थेच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला आधी विचारा.

भूजलवही:
म्हणजे निर्जंतुक बाटलीतही ते कमी होऊ शकते?

बाटलीबंद:
होऊ शकते, आणि होतेच. मातीवर आणि लोहाच्या ऑक्साइडवर ते चिकटते. म्हणून विरघळलेला आकडा एकटा फसवतो. ऑक्सिजन लागू न देता गढूळ नमुना 100 मिलिमोलर बायकार्बोनेटमध्ये ढवळा. चिकटलेले 6 संयुजेचे सुटून येते, 4 संयुजेचे बहुतेक मागे राहते. उरलेल्या गाळावर नायट्रिक आम्ल घातले की तेही निघते. ढवळताना हवा शिरली तर 4 चे 6 होऊन सगळा हिशेब उलटा.

गाळमाती:
नायट्रेट आधी तपासा. ते असेल तर जिवाणू लोहाच्या आधी त्याच्याकडे वळतात. वर नायट्राइट बनले की ते फेरसचे फेरिक करते, आणि ते फेरिक बसलेले युरेनियम पुन्हा विरघळवते. अमेरिकेतल्या ओक रिज या अणुकेंद्राच्या आम्लयुक्त, नायट्रेटने भरलेल्या भूजलात म्हणूनच आधी सामू वाढवला, नायट्रेट जमिनीवरच्या टाकीत काढले आणि मगच जिवाणूंना अन्न म्हणून इथेनॉल दिले.

फॉस्फेटवाला:
पुन्हा विरघळण्याचीच भीती असेल तर फॉस्फेटचा मार्ग बघा. त्यात संयुजा बदलावी लागत नाही, त्यामुळे ऑक्सिजन आला तरी खनिज टिकते. जिवाणूचे फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) ग्लिसरॉल फॉस्फेट तोडते आणि सुटलेले फॉस्फेट युरेनिलला पकडून पेशीवर बसवते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने साल्मोनेलाचे फॉस्फेटेज जनुक डाइनोकॉकस रेडिओड्युरन्स या किरणे सोसणाऱ्या जिवाणूत घालून हेच केले, 2006 मध्ये ते प्रसिद्ध झाले. तो जिवाणू तीव्र किरणोत्सर्गी कचऱ्याच्या द्रावणासाठी निवडलेला. रायफलसारख्या पाण्यात किरणे एवढी क्षीण की जिवाणूला त्रास झालाच तर तो युरेनियमच्या रासायनिक विषारीपणाचा. आणि भूजलात कॅल्शियम भरपूर असेल तर फॉस्फेट आधी त्याच्याशीच बसते, मग सोडलेल्या जागेची छिद्रे बुजतात.