मदत हवी आहे: ईसीएस (आकडी आणणारे विजेचे झटके) दिलेल्या रॅट्समध्ये मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचे आकडे जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात विस्टार जातीच्या प्रयोगशाळेतल्या रॅट्सवर ईसीएस चालू आहे: कानाला क्लिपा, ५० मिलिअँपिअर, ०.५ मिलिसेकंदाचे स्पंद, १०० हर्ट्झ, अर्धा सेकंद, दिवसाआड. शॅम (तुलनेसाठीच्या) गटाला नुसत्या क्लिपा, करंट नाही.

यंत्रावर शंका नको; उद्यमनगरातून आणलेल्या १ किलोओहमच्या रेझिस्टरवर ऑसिलोस्कोप बरोबर ५० व्होल्ट दाखवतो. कान कोरडा राहिला तर मागचे पाय ताठ होत नाहीत, म्हणजे आकडी पूर्ण येत नाही, म्हणून सलाईनचा बोळा लावतो.

अडचण पुढे आहे. शेवटच्या झटक्यानंतर २४ तासांनी मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग काढून ०.१ मोलर परक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये बर्फावर होमोजिनाइज करतो (वाटून एकजीव). एचपीएलसीवर (रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र) एकाच गटात सेरोटोनिन दुपटीने खालीवर, ५-एचआयएए (सेरोटोनिन मोडून बनणारा पदार्थ) मात्र चढलेलं. डीएचबीएचा (प्रत्येक नमुन्यात ठरावीक मापाने टाकलेला तुलनेचा पदार्थ) पीक स्थिर आहे, म्हणजे यंत्रात नमुना सोडण्याचा (इंजेक्शनचा) दोष नाही. मेंदू काढून गोठवेपर्यंतचा उशीर भोवतोय, असा माझा कयास.

सेरोटोनिनचं ऑक्सिडेशन रोखायला मेटाबायसल्फाइट किती टाकता? बीडीएनएफ (चेतापेशींच्या वाढीचं प्रथिन) मोजायच्या एलायझा या अँटिबॉडी चाचणीला अ‍ॅसिडचा नमुना चालत नाही, प्रथिनं साकळतात. मग हिप्पोकॅम्पसची एक बाजू एचपीएलसीला, दुसरी एलायझाला, अशी डावी-उजवी आलटून पालटून घ्यावी का? आणि पुण्याला नमुने धाडायला ड्राय आइस कोल्हापुरात कुठे मिळतो? साध्या बर्फावर पाठवायची माझी तयारी नाही.