मदत हवी आहे: २८ आठवड्यांची जन्मलेली लेक आता सात वर्षांची, हा दमा की जन्माचंच उरलेलं?

नमस्कार मंडळी. मी निपाणीची. लेक दुसरीत आहे. २८ आठवडे पुरे होतात न होतात तोच मला कळा सुरू झाल्या. बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं चालू केली होती, पण कोर्स पुरा व्हायला वेळच मिळाला नाही. जन्मली तेव्हा वजन एक किलोच्या जरा वर. बरेच दिवस काचेत होती. आधी व्हेंटिलेटर, मग सीपॅप (नाकातून दाबानं हवा देणारं यंत्र), मग नाकात ऑक्सिजनची नळी, ती घरी सोडायच्या थोडं आधीच निघाली. डिस्चार्ज कार्डावर 'बीपीडी' लिहिलंय, फुफ्फुसांचंच काहीतरी. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं असणार, पण पोरगी हातात मिळाली यापलीकडे आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

पहिली दोन वर्षं सर्दी झाली की थेट छातीत उतरायची, अॅडमिटही करावं लागलं. मग बरीच सुधारली. उंचीला वर्गातल्या मुलींपेक्षा थोडी कमी, बाकी तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. आता शाळेत खो-खो सुरू झालाय आणि तिथं फरक दिसतो. दोन-तीन डाव झाले की बाजूला येते, गुडघ्यांवर हात टेकून वाकते, आणि श्वास घेताना गळ्याखाली, दोन हाडांच्या मधे, खड्डा पडतो. पाच-दहा मिनिटांत सावरते अन् परत पळते. साधा खोकला मात्र महिनाभर हटत नाही.

इथले डॉक्टर म्हणतात बाळदमा आहे, पंप दिलाय, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) देते. कधी पटकन फरक पडतो, कधी काहीच नाही. कोल्हापूरला दाखवलं तर तिथले म्हणाले, वाढेल तसं जाईल. जन्माचं कुणीच विचारलं नाही, मी काढलं तर "ते झालं की आता". घरात सासूबाईंचं वेगळंच: सातमाशी जगली, अठमाशी असती तर अवघड होतं, देवाचे आभार मान अन् पंपाची सवय लावू नकोस.

एक गोष्ट लिहायलाच हवी. सासऱ्यांची तंबाखूची वखार घराला लागून आहे. चाळण चालू असली की खकाणा परसदारापर्यंत येतो, मोठ्या माणसालाही ठसका लागतो. त्यात दिवाळीनंतर ऊस तोडला की फडात पाला पेटवतात, संध्याकाळी धूर खाली बसतो. हे गावच तसं आहे, गाव सोडून जाणार कुठं?

तर हा दमाच आहे का? तिला खेळू द्यावं की थांबवावं? आणि पुढं मोठेपणी काय? जाणकारांनी सांगा.

कृष्णाकाठ: ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला न तपासता निदान करणार नाही, पण तुमच्या शंकेत तथ्य आहे. फुफ्फुसातले खरे वायुकोश मुख्यतः ३६व्या आठवड्याच्या सुमारास तयार व्हायला लागतात आणि जन्मानंतरही काही वर्षं वाढत राहतात. २८व्या आठवड्याला तिथं नुसत्या साध्या पिशव्या असतात. त्यात श्वासासाठी ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर बऱ्याचदा लागतो, अन् तोच त्या वाढीला अडथळा करतो. कोश कमी आणि मोठे राहतात, श्वासनळ्याही अरुंद. बीपीडी म्हणजे ढोबळमानाने हेच.

म्हणून लक्षणं दम्यासारखी दिसली तरी मूळ बऱ्याचदा वेगळं असतं. अॅलर्जीच्या दम्यातली सूज इथं असेलच असं नाही, त्यामुळं काहींना पंप लागू पडतो, काहींना फारसा नाही. मनानं बंद करू नका. सवयीची भीती निराधार आहे. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची टेस्ट) करून घ्या, सात वर्षांची मुलं फुंकतात नीट. पंपाआधी आणि पंपानंतर, दोन्ही आकडे घ्यायला सांगा. पंपानंतर किती सुधारणा होते ते कळलं की औषध ठरवणं सोपं जातं. जाताना डिस्चार्ज कार्ड पहिल्याच मिनिटाला टेबलावर ठेवा, कुणी विचारो न विचारो.

'वाढेल तसं जाईल' हे अर्धं खरं. अॅडमिट होणं कमी होतं, पण अशा मुलांचे या टेस्टचे आकडे वेळेवर जन्मलेल्यांपेक्षा कमी राहतात. फुफ्फुसांची ताकद विशीच्या पहिल्या काही वर्षांत सर्वात जास्त असते, नंतर प्रत्येकाचीच हळूहळू उतरते. हिची गंगाजळीच थोडी कमी, म्हणून धूर हिला जास्त महाग पडणार. सरफॅक्टंटचं औषध (कमी दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं मिटू न देणारं) १९९०च्या सुमारास वापरात आलं. त्यानं वाचलेली पिढी आत्ता कुठं तिशी-पस्तिशीत आहे, म्हातारपणाचं ठामपणे बोलायला अजून अवकाश आहे.

फ्लूची लस दरवर्षी द्या. न्यूमोकोकलची (न्यूमोनियावरची) लस सरकारी लसीकरणात देशभर २०२१ला आली, तुमची मुलगी त्याआधीची असेल तर घेतली होती का ते बघा. खेळ थांबवू नका. पण बसल्याजागी खड्डा पडला, ओठ निळसर झाले, एक वाक्य एका दमात बोलता येईना, तर थेट दवाखाना. आणि सातमाशी-अठमाशीचं आज्जींना सांगा, पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा फायद्याचाच.

खानापूरचा_पाऊस: आमचा मुलगा २९ आठवड्यांचा, आता बेळगावात कॉलेजला आहे. आमच्याकडे धुळीपेक्षा ओल वाईट. जून ते सप्टेंबर भिंतीला काळी बुरशी, तेवढ्यातच त्याचा खोकला. कपाटं भिंतीपासून सरकवली, चुलीचं पाणी तापवणं बंद करून गॅसवर आणलं, बराच फरक पडला. लहानपणी कबड्डी खेळला, कुणी अडवलं नाही. आता माझी काळजी निराळी, मित्र टपरीवर उभे असतात. त्याला त्याचा रिपोर्ट हातात देऊन सांगितलंय, इतरांनी ओढलेली एक सिगारेट म्हणजे तुझ्या दोन. ताई, उसाचा पाला पेटवण्याचं तुमच्या हातात नाही, वखारीचं आहे. तिथंच जोर लावा.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरच आहे, सुट्टीत टेस्ट करून घेते. चाळण ती शाळेत असतानाच करायची आणि परसदाराला ताडपत्री लावायची, एवढं सासऱ्यांनी कबूल केलंय. वखार हलवायचं नाव काढलं की मात्र विषय बदलतात, ते मी सोडणार नाही. एक राहिलं, टेस्टच्या दिवशी सकाळचा पंप द्यायचा का?

कृष्णाकाठ: साल्ब्युटॅमॉल (धाप लागल्यावर द्यायचा, लगेच काम करणारा पंप) असेल तर टेस्टच्या आधी चार ते सहा तास नको. रोजचा दुसरा पंप असेल तर जिथं टेस्ट आहे तिथं फोन करून विचारा. वाटेत धाप लागली तर मात्र खुशाल द्या, आणि किती वाजता दिला ते तिथं सांगा.