दुबई, इंग्लंड की अमेरिका? शिक्षिकेने कोणता व्हिसा धरावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. साताऱ्याहून लिहितेय. जरा लांबण लागेल, पण अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात.

शिवाजी विद्यापीठाची भौतिकशास्त्रात एम.एस्सी., बी.एड. २०११चं, म्हणजे जुनं एक वर्षाचं. तेरा वर्षं एकाच शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान-गणित शिकवतेय. तुकडी आधी विनाअनुदानित होती, आता टप्पा अनुदानावर आलीये. वीस टक्के पगार हातात आणि बाकीचं आश्वासन. मिस्टरांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, मुलगी सातवीत, सासूबाई आमच्याकडेच.

आता प्रश्न. पुण्यातल्या एका एजंटाकडून दुबईच्या शाळेची ऑफर आहे. तो म्हणतो, "व्हिजिट व्हिसावर चला, तिथं पोचलात की एम्प्लॉयमेंटमध्ये बदलून देऊ." फी अडीच लाख, निम्मी आधी. शाळेचं नाव पैसे भरल्यावर सांगणार. पगाराचा आकडा ऐकून मिस्टर गप्पच झाले, त्यामुळे घरात आता हाच विषय.

दुसरीकडे माझी एक जुनी सहकारी जे-१ (ठरावीक वर्षांच्या देवाणघेवाणीच्या) व्हिसावर अमेरिकेत शिकवतेय. ती म्हणते एच-१बी (तिथला नोकरीचा व्हिसा) तर सोडाच, जे-१ बघ. आणि इंग्लंडला गणित-विज्ञानाचे शिक्षक हवेत असं वाचलं. तिथे म्हणे क्यूटीएस (तिथली शिक्षक-पात्रता) मिळालं की काम झालं?

आणखी एक घोळ. डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. लग्नात माझं पहिलं नावही बदललं होतं. त्यामुळे कागदावरच्या दोन बायकांमध्ये फक्त जन्मतारीख सारखी आहे. कुणी यातून गेलंय का?

--

वाळवंटातली बाई:
ताई, मी अकरा वर्षं शारजात शिकवतेय, म्हणून आधी दुबईचंच सांगते. पैसे देऊ नका.

व्हिजिट व्हिसावर येऊन मुलाखत देणाऱ्या असतात, तो गुन्हा नाही. पण वर्क परमिट हातात यायच्या आत वर्गात उभं राहिलात तर ते बेकायदा काम. २०२४च्या ऑगस्टपासून असं काम करून घेणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, म्हणून शहाणी शाळा तो धोका घेतच नाही. जी घेते ती दोन महिने शिकवून घेते आणि "तुमचं अप्रूव्हल आलं नाही" म्हणते. तक्रार कुठे करणार? तुम्हीच बेकायदा.

सरळ रस्ता असा: कामगार खात्याच्या नमुन्यातलं ऑफर लेटर, त्यावर तुमची सही, मग शाळा एंट्री परमिट काढते आणि तुम्ही त्यावर उतरता. मेडिकल, एमिरेट्स आयडी नंतर. भरतीचा नि परमिटचा खर्च कायद्याने मालकाचा. दुबईतल्या खासगी शाळेत केएचडीएची (तिथल्या खासगी शाळांवर देखरेख करणारं सरकारी खातं) मान्यताही लागते, ती तुमच्या डिग्रीवर मिळते.

म्हणून सर्टिफिकेट आधी. अमिरात हेगच्या करारात नाही, तिथे अपोस्टील (त्या करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का) चालत नाही, अटेस्टेशनच, म्हणजे एकेका कार्यालयाचा शिक्का लागतो. आधी राज्याचं (सगळे एचआरडी म्हणतात), मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, शेवटी इकडे मोफा, म्हणजे इथलं परराष्ट्र मंत्रालय. गुणपत्रिकांचा गठ्ठा नको, मूळ पदवी प्रमाणपत्र हवं.

--

मिरजेचा मास्तर:
एजंटाचा ईमायग्रेट (परदेशी नोकरीसाठीचं भारत सरकारचं पोर्टल) नोंदणी क्रमांक मागा. भारतातून परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणीवाला एजंट सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे ३५,४००. अडीच लाखातले बाकीचे २,१४,६०० कशाचे, एवढं विचारा. आम्ही अंकगणित शिकवतो, ते एकदा तरी वापरायला हवं.

--

कोयनाकाठ:
इंग्लंडबद्दल. क्यूटीएस आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक यातच फसतात. क्यूटीएस म्हणजे तिथल्या शिक्षकाची पात्रता. नोकरी नव्हे, व्हिसा तर नव्हेच. २०२३पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्यांना इथूनच थेट अर्ज करता येतो, पण विषय गणित, विज्ञान किंवा भाषा असावा आणि ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण असावं. तुम्ही चपखल बसता. प्रशिक्षण निदान एका शैक्षणिक वर्षाचं हवं, त्यामुळे जुन्या बी.एड.ची काळजी नको. अर्जाला फी नाही.

व्हिसा मात्र स्किल्ड वर्करचा, आणि तो शाळा देईल तेव्हाच. शाळेकडे स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणूस नोकरीला बोलवायचा सरकारी परवाना) पाहिजे. तसल्या सगळ्या संस्थांची यादी सरकारी साइटवर उघडी आहे, नाव तिथे शोधायचं. शिक्षणातल्या नोकरीला पोलिस क्लिअरन्स लागतो, भारतातून जाणाऱ्याला टीबीची तपासणीही.

खर्चाचं कुणी आधी सांगत नाही. व्हिसा फी वेगळी, पण आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६, सगळ्या वर्षांचा एकदम, अर्जाबरोबर. तुम्ही तिघं तीन वर्षांसाठी निघालात तर ८,५३८ पौंड. जवळपास दहा लाख रुपये, तेही पहिला पगार हातात यायच्या आधी. आणि नोकरी सुटली तर साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर नाहीतर परत. आम्ही पहिलं वर्ष मी एकटा, मग कुटुंब, असं केलं. पोरगी बोलेना झाली होती फोनवर, ते सोडा.

--

मिरजेचा मास्तर:
जे-१बद्दल भर. तीन वर्षं, शाळेने मागितलं तर आणखी दोन. त्यात दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतोच, पण अर्ज करताना तुम्ही नोकरीत असणंही बघतात. तेव्हा ताई, वैतागून राजीनामा टाकू नका! नवरा-मूल जे-२वर येतात, नवरा तिथे गेल्यावर कामाची परवानगी मागू शकतो.

एच-१बीचं सहकारी बरोबर बोलली. सप्टेंबर २०२५पासून बाहेरून नव्याने बोलवायच्या माणसामागे १ लाख डॉलर भरावे लागतात. कुठली सरकारी शाळा भरणार?

--

कोयनाकाठ:
पण जे-१नंतर दोन वर्षं भारतात सक्तीने राहावं लागतं ना?

--

मिरजेचा मास्तर:
पूर्वी बहुतेकांना लागायचं, अमेरिकेच्या कौशल्य-यादीमुळे (कुठल्या देशाला कुठल्या कौशल्याची माणसं परत हवीत, त्याची यादी). डिसेंबर २०२४मध्ये त्या यादीतून भारत निघाला. सरकारी पैशावर गेलात तर अजूनही लागू. आणि परत शिक्षक म्हणूनच जे-१ हवा असेल तर दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावीच लागतात. मुळात तो परत येण्यासाठीचाच व्हिसा आहे. मुलगी सातवीत, म्हणजे पाच वर्षांनी बारावीच्या तोंडावर परत. ते आधी बघा.

--

वाळवंटातली बाई:
नावाचं राहिलं. विवाह नोंदणी दाखला काढा, आणि पहिलं नावही बदललंय तर राजपत्रात नावबदल छापून घ्या. डिग्रीवरचं नाव बदलायच्या फंदात पडू नका. पूर्वीचं नाव आणि आताचं नाव जोडणारा एक कागद असला की पुरे. माझंही असंच होतं.

--

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल एजंटाला नोंदणी क्रमांक विचारला. म्हणाला, "मॅडम, दहावी पास माणसाला ईसीआर नसतो, मग नोंदणीचा प्रश्नच कुठे येतो?"

--

मिरजेचा मास्तर:
अर्धं खरं. ईसीआर म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी, एमिग्रेशन क्लिअरन्स, घ्यायची अट. दहावी झालेल्याला ती लागत नाही, ते तुमच्यापुरतं. नोंदणी त्याची, त्याला लागतेच. तुमची सूट स्वतःच्या खिशात घालतोय.

--

धागाकर्ती:
हेच वाक्य मिस्टरांना वाचून दाखवलं. दुबईचा विषय आज तरी बंद झाला.

विवाह नोंदणी आमची झालेलीच नाही, फक्त पत्रिका आणि फोटो आहेत. सोमवारी नगरपालिकेत जाते. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभाच्या वेळी घ्यायचं राहून गेलं होतं, ते आणायला गुरुवारी कोल्हापूर. क्यूटीएसचा अर्ज फुकटच आहे तर तो आधी भरते, जे-१चं मुलीशी बोलून मग.

कोयनाकाठ दादा, एक विचारते. पहिलं वर्ष एकट्याने काढलंत तेव्हा घरचं कसं निभावलं? इथे नको असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.