लसीच्या कार्डावर स्टिकर आहे का बघा

*सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली*

सेक्रेटरी: कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांनी रेबीजच्या लसीच्या पानाचा फोटो रविवारपर्यंत मला पर्सनलवर पाठवावा. ग्रुपवर टाकू नये.

अनिकेत, बी-२०४: काका, ब्रुनोचं २०२३ च्या आधीचं क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर काहीच सापडत नाही म्हणतायत.

माने काका: कुणाच्या नंबरवर शोधलं? कुत्र्याच्या नावानं शोधून उपयोग नाही, निम्मी सांगली टॉमी आन् ब्रुनोच आहे. मालकाच्या मोबाइलवर फाइल असते. बाबांचा जुना नंबर सांगून बघ.

देशपांडे काकू: आमच्या मनीचं कार्ड २०१९ च्या पुरात गेलं. तेव्हा गावभागात होतो ना. नवीन केलंच नाही. आता हो?

माने काका: वहिनी, कागद नसला की डॉक्टर लस झालीच नाही असं धरून नव्यानं देतात. घाबरायचं काही नाही. पण नवीन कार्डावर स्टिकर मागून घ्या. बाटलीवरचं लेबल काढून तिथं चिकटवतात, त्यावर कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी असते. शेजारी तारीख, सही-शिक्का, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर. नुसतं पेनानं ‘रेबीज दिली’ लिहिलेलं उद्या कोण मानणार? नोकरीभर गुरांच्या लसी टोचल्यात, नोंद नसली की काय होतं ते बघितलंय.

कविता, ए-१०३: आमचं पिल्लू अडीच महिन्यांचं आहे 🙈

माने काका: रेबीज तीन महिने झाल्यावर. मग बूस्टर, पुढं वर्षाला. बाकीच्या लसी आन् जंताच्या औषधाच्या तारखा त्याच कार्डावर घ्या. आन् प्रत्येक वेळी वजन. औषधाचा डोस वजनावर ठरतो. कशाची ॲलर्जी आली, तोंड सुजलं, तर पहिल्याच पानावर लाल पेनानं.

अनिकेत, बी-२०४: काका, सापडलं!! बाबांच्या बंद पडलेल्या नंबरवर होतं सगळं. गोचीड तापाचा रिपोर्टसुद्धा 🙏

माने काका: नंबर बदलून घे. आन् फोटो काढून ठेव, लगेच.

अनिकेत, बी-२०४: पण गावाकडं म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असतो, बारा आकडी. लाळखुरकतची लस कधी झाली ते ऑनलाइन दिसतं. ब्रुनोला का नाही तसं?

माने काका: म्हशीचं सरकारच्या ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन नोंदणीवर असतं. कुत्र्याला मायक्रोचिप मिळते, मानेजवळ कातडीखाली, पंधरा आकडी. पण तिच्यात फक्त नंबर असतो. लसी दिसत नाहीत, कुत्रं कुठं गेलं तेही कळत नाही. लोक जीपीएस समजून पैसे देतात. चिप असली तर तो नंबर कार्डावर लिहून घ्यायचा.

कुलकर्णी, सी-३०१: हे सगळं ठीक. चावलं तर कार्ड दाखवणार का आम्हाला?

माने काका: दाखवतील, दाखवायलाच पाहिजे. पण आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आन् थेट सिव्हिल गाठायचं. इंजेक्शन घ्यायचं का नाही ते तिथले डॉक्टर बघतील, कार्ड बघून आपण घरी ठरवायचं नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. चावल्याची तारीखही त्याच्या फाइलमध्ये गेली पाहिजे.

कुलकर्णी, सी-३०१: 👍

देशपांडे काकू: रविवारी कोण गाडीवरनं नेतंय का मला दवाखान्यात? मनी पिशवीत बसत नाही, टोपली धरायला माणूस लागेल.

अनिकेत, बी-२०४: मी येतो काकू. दहाला खाली या. ग्लोव्हज आणतो.