हनोईत कमी खर्चात राहून रोजचे जीवन कसे पाहावे?

प्रश्न
नमस्कार. नोव्हेंबरमध्ये मी आणि माझी आई व्हिएतनामला, मुख्यतः हनोईला, जाणार आहोत. प्रेक्षणीय स्थळांपेक्षा तिथले रोजचे जगणे पाहण्याची आमची इच्छा आहे. आई पूर्ण शाकाहारी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
होआन किएम तळ्याच्या उत्तरेकडील जुन्या गल्ल्यांतच मुक्काम करा. तिथल्या अनेक रस्त्यांना जुन्या व्यवसायांची नावे आहेत. हांग बाक ही चांदीकामाची गल्ली, तर हांग मा येथे पूर्वजांसाठी जाळल्या जाणाऱ्या कागदी वस्तू आजही विकल्या जातात. पहाटे तळ्याकाठी अवश्य जा, कारण व्यायामासाठी जमणारे ज्येष्ठ नागरिक हे माझ्या मते त्या शहराचे सर्वांत सुंदर दृश्य आहे. विमानतळावरून ८६ क्रमांकाची बस शहरात येते आणि ती टॅक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

प्रतिसाद २
आईंच्या जेवणाची काळजी आधीच घ्या. भाजीच्या पदार्थांतही माशांपासून केलेला सॉस सर्रास घालतात, म्हणून ‘चाय’ (Chay, म्हणजे शाकाहारी) अशी पाटी असलेली बौद्ध शाकाहारी उपाहारगृहे शोधावीत. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक स्थानिक लोकही शाकाहार करतात.

प्रतिसाद ३
२०,००० आणि ५,००,००० डोंगच्या नोटा दोन्ही निळसर असतात. पैसे देताना आकडा नीट वाचा. रस्ता ओलांडताना आईंचा हात धरून संथ, एकसारख्या गतीने चाला आणि मध्येच मागे फिरू नका, म्हणजे दुचाकीस्वार तुमच्या बाजूने वळून जातात.